सरासरी सहा

मिलिंद,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. दुसऱ्या कोणी लिहायला घेतली असती, तर वय, हुद्दा, गाव विचारायला त्याने मलाच फोन केला असता. 'अंबरनाथ एमआयडीसीतील एका खासगी प्रयोगशाळेतील मुख्य रसायनतज्ज्ञ', 'अल्पशा आजाराने', 'पश्चात पत्नी व मुलगी'. चूक काही नव्हती. फक्त 'अल्पशा' या शब्दावर तू बोट ठेवलं असतंस. माझ्या बातम्या तू सकाळी चहाबरोबर वाचायचास आणि विशेषणांखाली पेन्सिलीने रेघ मारायचास. "'रसायनमिश्रित' पाणी. कुठलं रसायन, किती? तुमच्या पेपरात पाणी कायम मिश्रित असतं, मोजलेलं कधीच नसतं." मी म्हणायचे, वाचकाला आकडे नको असतात. तू म्हणायचास, वाचकाला विचारलंयस का? या भांडणाचा निकाल लागला नाही. आज मी तुझ्या बाजूने लिहिते आहे, तेव्हा या मजकुरात आकडे येतील.

आजार अल्प नव्हताच. न्यूमोनिया झाला, मग संसर्ग रक्तात उतरला. अतिदक्षता विभागात मला थोडा वेळ आत सोडायचे. एकदा मी आत असताना तरुण डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली. पडद्याच्या अलीकडेच उभी राहून मला म्हणाली, "पीएच जरा कमी झालाय. सात पॉइंट एक. नॉर्मल सात पॉइंट चार असतो." तिला वाटलं, तू झोपला आहेस. तू डोळे उघडलेस आणि मास्कच्या आतून काही बोलायचा प्रयत्न केलास. ते जमेना, तेव्हा दोन बोटं वर केलीस.

नर्स पुढे आली. "काका, दोन नंबरला जायचंय का?"

तू नाही म्हणून मान हलवलीस. बोटं तशीच ठेवलीस, आणि माझ्याकडे बघितलंस.

"दुप्पट," मी म्हटलं.

तू हात खाली ठेवलास. सात पॉइंट चारचा सात पॉइंट एक झाला म्हणजे रक्तातलं ॲसिड जरा वाढलं नव्हतं, दुप्पट झालं होतं. डॉक्टरला ते माहीत असणारच, तिने मला घाबरवायचं टाळलं. तू टाळलं नाहीस. आपल्या दोघांतलं ते शेवटचं बोलणं. त्यात निरोप नव्हता, लेकीसाठी, प्रज्ञासाठी, काही सांगणं नव्हतं. एक संख्या होती, आणि ती बरोबर होती.

पीएचमध्ये पॉइंट तीन म्हणजे दुप्पट हे मला तुझ्या रविवारच्या क्लासमुळे माहीत. बेलवलीच्या आपल्या हॉलमध्ये बारावीची मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. मी आतल्या खोलीत बातमी लिहीत असायचे आणि भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा. लॉगचा धडा आला की तू दरवर्षी एकच सापळा लावायचास.

"तीन पीएचचं एक ग्लास पाणी घेतलं. सात पीएचचं एक ग्लास घेतलं. एका भांड्यात ओतलं. आता पीएच किती?"

"सर, पाच."

"अजून कोण कोण पाच म्हणतंय? उभे राहा."

सगळी खोली उभी राहायची. मुलांना तू त्यांच्या राहत्या भागाच्या नावाने हाक मारायचास.

"बेलवली उभी, मांजर्ली उभी. शिरगाव, तू का बसलायस?"

"सर, मला येतच नाही."

"मग वर्गात तूच पहिला. बाकीच्यांना चुकीचं येतंय."

हसणं ओसरलं की तू समजावून द्यायचास. पीएच हे ॲसिडचं माप नाही, त्या मापाचा लॉग आहे, चिन्ह बदललेला. पीएच एकाने कमी झाला की ॲसिड दहा पट, दोनाने कमी झाला की शंभर पट. म्हणून दोन पीएचची बेरीज करून दोनाने भागायचं नाही. आधी अँटिलॉग घेऊन ॲसिड काढायचं, त्या ॲसिडची सरासरी करायची, मग पुन्हा लॉग घ्यायचा. तीन आणि सातचं उत्तर पाच येत नाही, तीन पॉइंट तीन येतं. सात पीएचच्या पाण्यात ॲसिड जवळजवळ नाहीच. त्याने पहिल्या ग्लासातलं ॲसिड फक्त निम्मं पातळ केलं, आणि निम्मं म्हणजे पॉइंट तीन. "ज्याने पाच लिहिलं, त्याने त्या पाण्यातलं ॲसिड कमी नाही केलं. त्याने ते कागदावरून पुसलं." हे वाक्य तू दरवर्षी म्हणायचास. ते माझ्या लक्षात आहे. तुझ्याही असणार.

आकड्यांवर तुझा विश्वास होता, आणि त्याचा मला आधार होता. आपण मांजर्लीला तळमजल्यावर राहत होतो, तेव्हाच्या एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं. लहानग्या प्रज्ञाला कपाटावर बसवून मी गाद्या उचलत होते. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, स्वयंपाकघराच्या दारात वाकून पाण्यात पीएच पेपर बुडवत होतास.

"साडेसहा. पिऊ नको, पण घाबरूही नको."

"मिलिंद, गादी धर."

"धरतो. आधी रंग बघ, पोपटीच आहे."

मला तेव्हा राग आला होता. पाणी ओसरल्यावर शेजारीपाजारी अंगावर काय उठेल, कसली रसायनं आली असतील, या भीतीत होते. आपल्या घरात ती भीती नव्हती, कारण घरातल्या एकाने पाणी मोजलं होतं. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. बरं वाटलं होतं.

प्रज्ञा बारावीत आली तेव्हा तीही रविवारी सतरंजीवर बसायला लागली. एकदा जेवणाच्या टेबलावर तुझ्या लॅबचा एक रिपोर्ट पडला होता. तिने तो उचलला, वाचला आणि विचारलं, "पप्पा, ही पीएचची सरासरी कशी काढली? बेरीज भागिले चार?"

"फॉरमॅट आहे तो."

"पण हे तर पाच म्हणणाऱ्यांसारखं झालं."

"लॅबमध्ये असंच करतात, बेटा. चार नमुने, खाली सरासरीचा चौकोन. कस्टमरला एकच आकडा लागतो."

"मग फॉरमॅटला पण उभं करा ना."

तू हसलास. मीही हसले. ते तेवढ्यावर राहिलं.

काळू बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतला. शेतात भाताचं काम नसलं की नालेसफाईच्या ठेकेदाराकडे मजुरीला यायचा. उल्हासनगरमधल्या एका नाल्यात तो गाळ काढायला उतरला होता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. दुपारी वरच्या बाजूने कोणीतरी नाल्यात ॲसिड सोडलं. कारखान्याने की टँकरने, हे अजून कळलेलं नाही. पाण्याचा रंग बदलला नाही, असं काळू सांगतो. पाणी बुटांत शिरलं होतंच. पाय चुरचुरायला लागले तेव्हा त्याने मुकादमाला हाक मारली. मुकादम म्हणाला, एवढा गाळ काढ आणि मग वर ये. बूट काढले तेव्हा पायांची कातडी मोज्यासारखी बुटाला चिकटून आली. पुढे जखमा चिघळल्या. डावं पाऊल कापावं लागलं.

त्याने नुकसानभरपाईचा दावा केला. ठेकेदाराने लेखी उत्तर दिलं की सफाईच्या दिवशी पाणी तपासून घेतलं होतं आणि ते निर्धोक होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार नमुने, सरासरी पीएच सहा. साडेपाच ते नऊ ही मर्यादा, म्हणजे पाणी मर्यादेत. काळूचे पाय वाडीवरच्या दारूच्या भट्टीत भाजले असावेत, असंही त्या उत्तरात होतं. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडला होता.

काळूच्या वकिलाने ती कागदपत्रं आमच्या कार्यालयात आणून दिली, कारण नाल्यांच्या बातम्या मी करते. अहवालाचं पहिलं पान मी वाचलं आणि खालची सही बघितली. ती बातमी मी सहकाऱ्याकडे सोपवली. घरच्या माणसाचं नाव असलेली बातमी आपण करत नाही, हा नियम आहे. अहवालाची प्रत घेऊन घरी आले आणि जेवताना तुझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हे तुझं आहे?"

"माझंच."

"तिसरा नमुना शून्य पॉइंट चार आहे."

"दिसतंय मला."

"बाकीचे सात पॉइंट आठ, आठ, सात पॉइंट आठ. हा एकच असा कसा?"

"मलाही तेच वाटलं. मीटर बिघडलाय समजून पुन्हा तपासून घेतला. मीटर बरोबर होता. नमुना पुन्हा मोजला. तेवढाच आला."

"मग?"

"मग हरेशभाईंना फोन केला. म्हटलं, दुपारच्या बाटलीत जवळजवळ ॲसिडच आहे. ते म्हणाले, 'एव्हरेज कितना आता है, साईं?' म्हटलं, सहा. 'तो पास है ना.'"

हरेशभाई म्हणजे तुझे मालक. लॅब त्यांची, सही तुझी.

"आणि तू सही केलीस."

"चारही आकडे दुसऱ्या पानावर छापलेत. एकही खोडला नाही मी. लपवलं असतं तर म्हण लपवलं."

"पहिल्या पानावर काय आहे?"

"सरासरी."

"रविवारी तू याचं काय करतोस?"

तू पोळीचा तुकडा मोडलास आणि हातातच धरून ठेवलास.

"उभं करतो," तू म्हणालास.

त्या दिवसापासून आपण या विषयावर बोलत राहिलो, कधी चहाच्या वेळी, कधी रिक्षात, आणि रिक्षावाला ऐकतोय म्हणून हळू आवाजात. तुझे मुद्दे मी इथे नोंदवते, कारण आता ते मांडायला तू नाहीस. पहिला मुद्दा, पद्धत तू सुरू केलेली नाहीस. तुझ्या आधीच्या माणसापासून तो चौकोन तसाच भरला जात होता. दुसरा, एका नमुन्यावरून बोंब मारली तर ठेकेदार पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबकडे जातो, आणि तिथे दुसरं पानही छापत नाहीत. तिसरा, लॉगने काढलेली सरासरी तरी कुठे पूर्ण खरी? "ते गणित शुद्ध पाण्याचं आहे. नाल्यात साबण असतो, सोडा असतो, ते थोडं ॲसिड खाऊन टाकतात." त्यावर मी विचारलं होतं, मग तुझं सहा कुठल्या पाण्याचं? तू म्हणालास, कुठल्याच नाही. मग प्रज्ञानेच सांगितलं, "पप्पा, एवढ्या ॲसिडपुढे साबण-सोड्याचं काय चालणार?" ती आता बी.एस्सी. करते. तू म्हणालास, "काही नाही." तुझे मुद्दे असे एकेक करून तूच मागे घेत होतास. सही तेवढी मागे घेता येत नव्हती.

मी तुला सांगितलं, सुनावणीला जा आणि एवढंच सांग. तू म्हणालास, लॅब बंद पडेल, आत काम करणारी सगळी माणसं घरी बसतील, आणि मला कुठलीही लॅब पुन्हा सही करू देणार नाही. हे सगळं खरं होतं. मी म्हटलं, तो एका पायावर बसलाय. तेही खरं होतं. आपल्या घरात इतकी वर्षं आकडे भांडायचे. तेव्हा पहिल्यांदाच आकड्यांवर दोघांचं एकमत होतं आणि तरीही भांडण मिटत नव्हतं.

सुनावणीसाठी तुला नोटीस आली. ती तू फ्रिजवर चुंबकाने लावलीस, गॅसच्या बुकिंगच्या चिठ्ठीशेजारी. येता-जाता दिसत होती. मी विचारलं, "जाणार आहेस?" तू म्हणालास, "बघू." प्रज्ञाने विचारलं तेव्हा म्हणालास, "बोलावलंय तर जावं लागेल ना." त्या आठवड्यात तुला खोकला सुरू झाला.

जाईन, असं तू म्हणाला नाहीस. जाणार नाही, असंही म्हणाला नाहीस. रुग्णालयात मी ते विचारलं नाही. श्वास लागलेल्या माणसाला असं विचारत नाहीत. आणि कदाचित मला उत्तर नको होतं. या दोन कारणांपैकी कुठलं जास्त खरं, हे मला ठरवता आलेलं नाही.

तुझ्या जलदान विधीला हॉल भरला होता. सतरंजीवर पांढरी चादर अंथरली होती. त्रिशरण, पंचशील झालं. तुझे जुने विद्यार्थी आले होते. काहींची पोटं सुटली आहेत, एकाने मुलीला कडेवर आणलं होतं. मागे बसून ते आपसात बोलत होते. "मला सरांनी तीनदा उभं केलंय." "तुला काय, तू अजून पण पाचच म्हणशील." ते हळू हसले आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून गप्प झाले. तुला ते हसणं चाललं असतं.

बोलायला उठलेल्यांपैकी तिघा-चौघांनी सांगितलं की तू सत्यासाठी उभा राहणार होतास, सुनावणीला जाणारच होतास, काळाने संधी दिली नाही. त्यांना हे कोणी सांगितलं, माहीत नाही. मी दुरुस्ती केली नाही, कारण श्रद्धांजलीच्या भाषणात दुरुस्त्या करत नाहीत. इथे करते. तू जाणार होतास की नाही, याची खात्री झालेली नाही. ज्याची खात्री नाही ते मी छापत नाही.

हरेशभाई भाषणं संपल्यावर आले. तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले, रडले. ते रडणं खोटं नव्हतं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, मिलिंद मेरा भाई था. एक बात बोलूं, बुरा मत मानना. वो केस में अब कुछ मत करो. आदमी चला गया, कागज रह गया."

"म्हणजे?"

"कागज पे उसका नाम है, भाभी. मेरा नहीं है. आज लोग उसको सर-सर बोल के गये. कल क्या बोलेंगे?"

ते धमकी देत नव्हते. तुझी काळजी करत होते. ते म्हणत होते त्यात चुकीचं काही नव्हतं, आणि त्याचाच मला त्रास झाला.

काळूची बायको ठमी दाराशी बसली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. गर्दी गेल्यावर उठली आणि माझ्याजवळ आली.

"बाय, सायब येनार व्हते ना? वकील सांगत व्हता."

"माहीत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे मला त्यांनी तसं सांगितलं नाही."

तिने यावर विचार केला. तिला राग आला नाही, निदान दिसला नाही.

"मंग आता कोन सांगल?"

मी विचारलं, काळू कसा आहे. "दुखतो म्हनतो पाय. जो नाय तोच दुखतो म्हनतो. मी म्हनते, नाय त्याला कुठं तेल लावू?" एवढं बोलून तिने पदराने तोंड पुसलं आणि चप्पल शोधायला लागली.

सुनावणी काल झाली. मी गेले. प्रज्ञा बरोबर होती. मला साक्षीला बोलावलं होतं ते एवढ्यासाठीच, की अहवालावरची सही तुझी आहे हे घरच्या माणसाने ओळखावं. मी ओळखली. तिथेच थांबता आलं असतं. अधिकारी समंजस गृहस्थ वाटले. त्यांनी अहवालाची दोन्ही पानं समोर ठेवली होती.

"चारपैकी एकच आकडा कमी दिसतोय," ते म्हणाले. "सात-साडेसातचा फरक. पण सरासरी मर्यादेत आहे."

मी म्हटलं, "साडेसातचा फरक नाही. अडीच कोटी पटींचा आहे."

ठेकेदाराचे वकील हसले. "मॅडम पत्रकार आहेत, सर. हेडिंग देतायत."

"तुम्ही केमिस्ट आहात का?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"नाही. पण हे बारावीचं गणित आहे. कागद मिळेल?"

त्यांनी कागद दिला. मी तुझ्या पद्धतीने मोठ्याने बोलत लिहिलं. सात पॉइंट आठ, आठ आणि सात पॉइंट आठ, या तिन्ही पाण्यांतलं ॲसिड इतकं थोडं की धरलं काय आणि सोडलं काय, सारखंच. उरला शून्य पॉइंट चार. उणे शून्य पॉइंट चार म्हणजे उणे एक अधिक पॉइंट सहा. पॉइंट सहाचा अँटिलॉग तीन पॉइंट नऊ आठ. दशांश चिन्ह एक घर डावीकडे, म्हणजे शून्य पॉइंट तीन नऊ आठ. ते चारात वाटलं. शून्य पॉइंट शून्य नऊ नऊ पाच, म्हणजे जवळजवळ शून्य पॉइंट एक. त्याचा लॉग उणे एक. चिन्ह बदललं.

"सरासरी पीएच एक," मी म्हटलं. "सहा नाही. एक आणि सहा यांत पाचाचं अंतर, म्हणजे अहवालाच्या पहिल्या पानावर जेवढं ॲसिड दाखवलंय, त्याच्या एक लाख पट. आणि हीसुद्धा दिवसभराची सरासरी झाली. काळू पाण्यात उभा होता तो दुपारी. दुपारचं पाणी दुसऱ्या पानावर आहे."

अधिकाऱ्यांनी तो कागद स्वतःकडे वळवला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. प्रज्ञाला विचारलं, बरोबर आहे का? ती म्हणाली, हो सर. ते म्हणाले की हा कागद ते सरकारी तज्ज्ञाकडे मतासाठी पाठवतील, निकाल त्यानंतर. म्हणजे काळूला काही मिळेल का, हे आजही सांगता येत नाही. तज्ज्ञ उद्या म्हणू शकतो की ती बाटलीच वेगळी होती.

मग ठेकेदाराचे वकील उठले. त्यांचा प्रश्न योग्य होता. मी त्यांच्या जागी असते तर तोच विचारला असता.

"मॅडम, हे इतकं साधं, बारावीचं गणित आहे. मग तुमच्या मिस्टरांना हे येत नव्हतं का?"

मागे बाकावर ठमी बसली होती. काळू तिच्या शेजारी, कुबडी भिंतीला टेकवून. हरेशभाईंनी पाठवलेला माणूस दाराजवळ उभा होता. येत नव्हतं, असं म्हटलं असतं तर कोणाला शंका आली नसती. तू चुकलास एवढंच ठरलं असतं. चुकलेल्या माणसाला लोक माफ करतात, मेलेल्याला तर लगेच. तुझे विद्यार्थी तुला सर म्हणत राहिले असते. पण मग हा प्रकार म्हणजे एका माणसाची चूक ठरली असती, आणि तो चौकोन उद्याही तसाच भरला गेला असता.

"येत होतं," मी म्हटलं. "दर रविवारी मुलांना शिकवायचे. ही सरासरी चुकीची आहे हे त्यांना सही करताना माहीत होतं. त्यांनी ते मला घरी सांगितलं होतं."

वकील खाली बसले. प्रज्ञा खाली बघत होती. घरी येताना ती माझ्याशी बोलली नाही, आज सकाळी बोलली. ती तुझी मुलगी आहे. तिने गणितात काही चूक काढली नाही. तिचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "मम्मी, हे पप्पांनी स्वतः सांगितलं असतं तर वेगळं होतं. तू सांगितलंस म्हणजे त्यांच्याकडून काढून घेतलंस." तिचं खरं आहे. तू सुनावणीला गेला असतास, तर हेच शब्द तुझ्या नावावर जमा झाले असते. मी बोलले म्हणून ते तुझ्याविरुद्ध गेले. मला दुसरा मार्ग दिसला नाही. तुला दिसला असता, तर भांडून दाखवला असतास.

काल माझा जबाब टाइप करणारा लिपिक तरुण होता, अदबशीर. शेवटच्या परिच्छेदाशी थांबून त्याने वर बघितलं.

"मॅडम, साहेबांच्या नावाआधी कैलासवासी लावू? की तुमच्यात दुसरं काही लावतात?"

"कालकथित लावतात."

"मग तेच लावू? 'अहवालावर कालकथित मिलिंद यांनी सही केली'?"

"नको," मी म्हटलं. "नुसतं नाव लिहा. सही केली तेव्हा ते जिवंत होते."